यीस्टची पेशी मोठी झाली की म्हातारी होते का? पेशीचा आकार आणि आयुष्य याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोलॉजीची मुलं आणि सहज कुतूहल म्हणून वाचणारे, दोघांकडून हे प्रश्न सारखे येतात. काही उत्तरं लांबली आहेत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे, बाकीची दोन ओळींत संपतात.

एका पेशीचा जीव, त्याला कसलं आलंय म्हातारपण? एकाचे दोन झाले की झालं ना?

एकाचे दोन होतात हे खरं, पण ते दोन सारखे नसतात आणि सगळा विषय इथूनच सुरू होतो. ब्रेडचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, याच्या पेशीला कळी येते, कळी वाढते, तिच्यात डीएनएची एक कॉपी जाते आणि मग ती सुटते. सुटलेली ती लेक, मागे राहिली ती आई, आणि कोण आई कोण लेक हे मायक्रोस्कोपखाली सरळ ओळखता येतं कारण लेक लहान असते. कॅलिफोर्नियातल्या मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी 1959 मध्ये एकेक आई-पेशी वेगळी धरून तिला किती लेकी होतात ते मोजलं, आणि दिसलं असं की हा आकडा काही अमर्याद नाही, सरासरी वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थांबते आणि मरते. लेकीचं मोजणं मात्र परत शून्यापासून सुरू होतं. म्हणजे कल्चर, भांड्यात वाढवलेलं यीस्ट, वर्षानुवर्षं चालू राहील पण त्यातली प्रत्येक आई ठरावीक मर्यादेत संपते. हे म्हातारपण नाही तर काय!

यीस्टचं वय नेमकं मोजतात कसं?

दोन पद्धती आहेत आणि लोक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. पहिलं रेप्लिकेटिव्ह आयुष्य, म्हणजे आईला मरेपर्यंत किती लेकी झाल्या तो आकडा, यात दिवस किंवा तास मोजत नाहीत. दुसरं क्रोनोलॉजिकल आयुष्य, म्हणजे खाणं संपल्यावर विभाजन थांबवून बसलेली पेशी किती दिवस जिवंत राहते. आकाराची जी चर्चा आहे ती जवळपास सगळी पहिल्या प्रकाराची आहे, त्यामुळे इथून पुढे आयुष्य म्हटलं की लेकींची संख्या असं धरा.

मोजायची जुनी पद्धत अक्षरशः डोळ्यांची परीक्षा घेणारी आहे. अगरच्या प्लेटवर एकेक पेशी मांडायची, 30 डिग्रीला साधारण दीड तासात एक लेक सुटते, ती बारीक काचेच्या सुईने बाजूला ढकलायची, परत दीड तास थांबायचं, परत ढकलायचं, रात्री प्लेट फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी परत सुरू, आणि हे काही आठवडे चालतं. 2012 च्या सुमाराला मायक्रोफ्लुइडिक चिप आल्या आणि चित्र बदललं. एका प्रकारच्या चिपमध्ये मऊ पॅडखाली आई अडकून राहते आणि वाहत्या मीडियात लहान लेक धुऊन जाते, कॅमेरा सतत फोटो घेत राहतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ही चिप आकारातल्या फरकावरच चालते, त्यामुळे आई फार म्हातारी झाली आणि तिच्या लेकीही मोठ्या यायला लागल्या की त्या तिथेच अडकायला लागतात. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच यंत्राच्या आड येते. अशा चिपवरचा डेटा वाचताना हे डोक्यात ठेवलं पाहिजे.

वयाबरोबर पेशी किती मोठी होते?

एकपट डीएनए असलेल्या, म्हणजे हॅप्लॉइड, वाढत्या पेशीचं आकारमान सरासरी 40 फेम्टोलिटरच्या आसपास असतं (एक फेम्टोलिटर म्हणजे एक घन मायक्रॉन), म्हणजे व्यास चार-साडेचार मायक्रॉन. प्रत्येक लेकीमागे आई थोडी थोडी फुगते आणि शेवटाकडे ती सुरुवातीच्या चार-पाच पट, काही वेळा त्याहूनही जास्त झालेली असते. फोटोत बघितलं तर हे तितकं भयंकर वाटत नाही कारण आपण व्यास बघतो, पण व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होतं आणि पृष्ठफळ फक्त चौपट. आत येणारं अन्न आणि बाहेर जाणारा कचरा दोन्ही त्या पृष्ठभागातूनच जातं, तेव्हा हा हिशोब पेशीला महागात पडू शकतो.

पण ती फुगते का? लेक सुटली की आईने परत मूळ साइजला यायला हवं ना?

तेच होत नाही. कळी आलेली असताना नवीन माल बहुतेक सगळा कळीत जातो, पण कळी येण्याआधीच्या काळात, ज्याला जी-वन म्हणतात, त्यात आई स्वतःही थोडी वाढते. यीस्टभोवती जाड भिंत असते आणि ती वाढवता येते, पण आत घेऊन परत लहान करायची सोय पेशीकडे नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीची वाढ आधीच्या वाढीवर चढत जाते. शिवाय प्रत्येक लेक सुटली तिथे कायटिनचा गोल वण राहतो, तो कधीच जात नाही, कॅल्कोफ्लुअर नावाचा रंग टाकून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितलं की हे वण चमकतात आणि मोजून आईचं वय सांगता येतं.

वणांनी जागा संपते म्हणून पेशी मरते असं एकेकाळी लोकांना वाटलं होतं. ते टिकलं नाही, मरताना पेशीवर भरपूर मोकळी जागा शिल्लक असते.

मग भांड्यातलं सगळं यीस्ट हळूहळू मोठं आणि म्हातारं होत जातं का?

नाही. वाढत्या कल्चरमध्ये साधारण निम्म्या पेशी एकही लेक न झालेल्या असतात, पाव भाग पेशींना एक लेक झालेली असते, त्याच्या निम्म्यांना दोन, असं ते घसरत जातं. दहा लेकी झालेली आई साधारण 2000 पेशींत एक, आणि वीस झालेली साधारण 20 लाखांत एक! म्हणूनच म्हाताऱ्या पेशींचा अभ्यास इतका अवघड आहे.

त्या गोळा करायच्या युक्त्याही बघण्यासारख्या आहेत. पेशींच्या भिंतीला बायोटिन चिकटवायचं आणि कल्चर वाढू द्यायचं, लेकीची भिंत पूर्णपणे नवी असते म्हणून तिच्यावर बायोटिन जात नाही, शेवटी चुंबकीय मणी टाकून बायोटिनवाल्या आया तेवढ्या ओढून घ्यायच्या. दुसरी युक्ती लिंडस्ट्रॉम आणि गॉटश्लिंग यांची, 2009 ची, त्यात पेशी अशा बनवल्या आहेत की एस्ट्रॅडिऑल टाकलं की नव्या लेकींना पुढे वाढताच येत नाही, आया मात्र नेहमीसारख्या म्हाताऱ्या होत राहतात.

मोठी पेशी कमी जगते हे कुणी दाखवलंय का, की नुसता अंदाज आहे?

दाखवलंय, आणि उलटही दाखवलंय, म्हणून जरा क्रमाने सांगतो.

1994 मध्ये केनेडी, ऑस्ट्रिअॅको आणि ग्वारेंटे यांनी म्हाताऱ्या आयांच्या लेकी तपासल्या. आई जसजशी म्हातारी होते तसतशा तिच्या लेकी मोठ्या येतात, इतक्या की शेवटच्या विभाजनात 30 टक्के वेळा आई आणि लेक ओळखू येत नाहीत, दोघी सारख्याच. आणि या लेकींचं आयुष्य कमी भरतं. आता साहजिक प्रश्न, त्या मोठ्या आहेत म्हणून कमी जगतात का? त्यांनी हे वेगळं तपासलं आणि उत्तर आलं नाही, नुसता आकार वाढल्याने आयुष्य घटलं नाही. त्यावरून त्यांनी म्हटलं की आईमध्ये काहीतरी साठत जातं आणि ते लेकीत उतरतं.

मग 2011 मध्ये टेक्सासमधल्या श्नायडर यांच्या गटाने बरोबर उलटं मांडलं. त्यांचं म्हणणं असं की वेगवेगळे म्युटंट (जीनमध्ये बदल असलेल्या पेशी) आणि वेगवेगळ्या साइजच्या पेशी घेऊन बघितलं तर लहान पेशी जास्त जगतात, मोठ्या कमी, आणि आकार व वाढीचा वेग हेच आयुष्य ठरवणारे मोठे घटक आहेत. त्याच सुमाराला पोलंडमधल्या झेशूफचे बिलिन्स्की आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले, ते म्हणाले की हे मुळात म्हातारपण आहेच कशावरून? प्रत्येक लेकीमागे पेशी फुगते, एका मर्यादेपर्यंत फुगली की तिला लेक होणंच बंद होतं, बस. याला हायपरट्रॉफी हायपोथेसिस म्हणतात. त्यांच्या हिशोबाने ज्या म्युटंटला लेकी जास्त होतात तो दर फेरीला कमी फुगतो एवढंच, आणि लेकी होणं थांबल्यावरही पेशी काही काळ जिवंत असतेच, तो काळ कुणी मोजत नाही. 2012 मध्ये केबरलाइन आणि गॅनली वगैरे मंडळींनी याला लेखी उत्तरं दिली, मुद्दा हा की आकार हे कारण आहे की परिणाम ते यातून ठरत नाही, आणि आकाराशी थेट संबंध नसलेले बदलही आयुष्य वाढवतात.

मला विचाराल तर बिलिन्स्कींनी प्रश्न विचारला ते फार बरं झालं. लेकी मोजणं म्हणजेच वय मोजणं हे सगळे इतकं गृहीत धरून चालले होते की मधे आकार नावाचा एक घटक आहे याकडे कुणी नीट बघत नव्हतं.

मग शेवटी आकार हे कारण आहे की लक्षण?

या प्रश्नावरचं माझ्या मते सगळ्यात सुंदर काम 2019 चं आहे, एमआयटीतल्या अँजेलिका अॅमन यांच्या लॅबमधलं, मुख्य काम गॅब्रिएल न्यूरोर यांचं. अॅमन 2020 मध्ये गेल्या, पण या विषयाला त्यांनी जी दिशा दिली ती अजून पुढे चालू आहे.

त्यांनी केलं काय, तर पेशी तरुणच ठेवली आणि फक्त फुगवली. विभाजन सुरू करणारं सीडीसी-28 नावाचं जे प्रोटीन आहे त्याचा असा म्युटंट घेतला जो तापमान वाढवलं की काम करत नाही. पेशी जी-वनमध्ये अडकते, विभाजन होत नाही, पण खाणं चालू असल्यामुळे वाढत राहते. वयाने तरुण, एकही जास्तीची लेक नाही, पण आकाराने प्रचंड. मग तापमान खाली आणून तिला मोकळं सोडलं. आणि ही तरुण पेशी म्हाताऱ्यासारखी वागायला लागली, विभाजन मंद, बाहेरून सिग्नल दिला तर जीन चालू करायला उशीर, नवीन आरएनए आणि प्रोटीन बनवणं मागे पडलेलं. तितकाच वेळ अडकवून ठेवलेल्या पण वाढू न दिलेल्या पेशी बऱ्याच ठीक राहिल्या, म्हणजे दोष अडकून राहण्याचा नाही, फुगण्याचा.

कारण काय? डीएनए तेवढाच आहे. एका कॉपीवरून ठरावीक वेगाने आरएनए बनतो, तो वेग काही काळ वाढवता येतो पण एका मर्यादेनंतर नाही, आणि पेशी मात्र वाढतच असते, त्यामुळे आतला सायटोप्लाझम, म्हणजे पेशीत भरलेला द्रव, पातळ व्हायला लागतो, पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवत जावं तसं. पेशी मोठी दिसते पण तिच्या प्रत्येक थेंबात कामाचा माल कमी असतो. आणि हीच लक्षणं खऱ्या म्हाताऱ्या आई-पेशींमध्ये, तसंच म्हाताऱ्या झालेल्या मानवी फायब्रोब्लास्ट पेशींमध्येही त्यांना दिसली.

आता 1994 च्या उत्तराचं काय? मला ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. थोडं मोठं असणं वेगळं आणि डीएनएला झेपणार नाही इतकं फुगणं वेगळं. मर्यादेच्या आत आकार निरुपद्रवी असू शकतो, मर्यादा ओलांडली की तो स्वतःच आजार होतो. आणि म्हातारी आई शेवटच्या काही फेऱ्यांत ती मर्यादा ओलांडत असते.

डिप्लॉइड पेशी तर मुळातच दुप्पट मोठ्या असतात, त्या का नाही लवकर मरत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला खरंच दाद द्यावीशी वाटते कारण सगळी कळ इथेच आहे. डिप्लॉइडमध्ये डीएनए दुप्पट, आकार साधारण दुप्पट, प्रमाण तेच. म्हणून त्यांचं आयुष्य निम्मं होत नाही, हॅप्लॉइडच्या जवळपासच असतं. एमआयटीच्या कामातही डीएनए दुप्पट केला की तितक्याच मोठ्या आकाराला पेशीची तब्येत सुधारते असं दिसलं. तेव्हा नुसते मायक्रॉन मोजून उपयोग नाही, किती डीएनएच्या वाट्याला किती सायटोप्लाझम ते बघायचं.

पेशीला स्वतःचा आकार कळतो का?

एका अर्थाने कळतो. व्हाय-5 नावाचं प्रोटीन विभाजन रोखून धरतं, पेशी वाढली की ते पातळ होतं आणि मग फेरी सुरू होते, असं स्कोटहाइम यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबने 2015 मध्ये मांडलं. व्हाय-5 काढून टाकलं तर पेशी लहान असतानाच विभाजित होतात. यात सगळ्यात जास्त फरक पडतो लेकीला, तिला लहान जन्मून ठरावीक साइजपर्यंत वाढावं लागतं. आई तर आधीच मोठी असते, तिला थांबायचं कारण कमी.

टेलोमेअर झिजतात म्हणून मरते का?

टेलोमेअर म्हणजे क्रोमोसोमची टोकं. नाही, यीस्टमध्ये ती परत लांब करणारं टेलोमरेज चालू असतं. आईचं म्हातारपण त्यामुळे येत नाही.

मग डीएनएची ती वर्तुळं? ईआरसी म्हणतात ती? त्यांचा आकाराशी काय संबंध?

यीस्टच्या बाराव्या क्रोमोसोमवर रायबोसोमच्या आरएनएचे जीन शे-दोनशे वेळा एकामागे एक असतात. कधीकधी त्यातला तुकडा सुटून वर्तुळ बनतं, ते वर्तुळ प्रत्येक फेरीत स्वतःची कॉपी करतं पण लेकीत जात नाही, आईतच राहतं, म्हणजे काही फेऱ्यांत शेकडो. सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी 1997 मध्ये हे दाखवलं. एसआयआर-2 नावाचं प्रोटीन वाढवलं किंवा एफओबी-1 नावाचं काढलं की वर्तुळं कमी होतात आणि आयुष्य वाढतं.

आकाराशी संबंध असा की या वर्तुळांवरून रायबोसोमल आरएनए बनत राहतो, न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला रायबोसोम बनवणारा भाग) फुगतो, न्यूक्लियस फुगतो, म्हणजे पेशीबरोबर आतली खोलीही वाढते, आणि ती वाढ सारख्या प्रमाणात होत नाही, समतोल बिघडतो. त्यामुळे आकार विरुद्ध वर्तुळं अशी दोन पक्षांची लढाई लावण्यात मला अर्थ दिसत नाही, दोन्ही एकाच आईत एकाच वेळी चाललेलं असतं. त्यात भर म्हणून व्हॅक्युओलची, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीची, आम्लता आयुष्यात बऱ्याच लवकर कमी होते आणि मग मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, हे ह्यूज आणि गॉटश्लिंग यांचं 2012 चं काम. खराब झालेली प्रोटीनही आई स्वतःकडेच ठेवते. लेक नव्याने सुरू करू शकते ती यामुळेच.

सगळ्या पेशी एकाच पद्धतीने म्हाताऱ्या होतात का?

नाही, आणि हे चिपमुळेच स्पष्ट दिसलं. सॅन दिएगोच्या नान हाओ यांच्या गटाने दाखवलं की अगदी सारख्या जीन असलेल्या पेशीही दोन वाटांनी जातात, साधारण अर्ध्या-अर्ध्या. एका वाटेत रायबोसोमल डीएनएवरचं नियंत्रण सुटतं, न्यूक्लिओलस फुगतो आणि शेवटच्या लेकी लांबट येतात. दुसऱ्या वाटेत मायटोकॉन्ड्रिया ढासळतात आणि लेकी लहान, गोल राहतात. 2023 मध्ये त्यांनी पेशीत एक कृत्रिम जीन-सर्किट बसवलं जे पेशीला एका वाटेला लागू न देता दोन्हींच्या मध्ये हेलकावे खायला लावतं, आणि आयुष्य 82 टक्के वाढलं. म्हणून फक्त पेशी मोठी दिसली यावरून ती कशी मरणार हे सांगू नका, लेकीचा आकारही बघा.

यीस्टला कमी खायला दिलं तर ते लहान राहतं आणि जास्त जगतं, बरोबर?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकामुळे दुसरी होते का ते सोडवून दाखवणं कठीण आहे. लॅबमध्ये नेहमी 2 टक्के ग्लुकोज देतात, ते 0.5 टक्क्यावर आणलं की आयुष्य वाढतं, 2000 साली ग्वारेंटे यांच्या लॅबने हे दाखवलं होतं. पेशीत अन्नाची खबर ठेवणारं जे टॉर नावाचं केंद्र आहे ते दाबलं, किंवा त्याच्या हाताखालचं एससीएच-9 काढलं, तरी आयुष्य वाढतं आणि एससीएच-9 नसलेल्या पेशी ठळकपणे लहान असतात. रायबोसोमच्या मोठ्या भागातली काही प्रोटीन काढली तरी आयुष्य वाढतं. या सगळ्यात समान धागा हा की पेशी माल बनवण्याचा वेग कमी करते, म्हणजे फुगणंही कमी.

पण 2015 मध्ये 4698 म्युटंट एकेक करून तपासले गेले, त्यात 238 जास्त जगणारे निघाले, आणि ते कितीतरी वेगवेगळ्या कामांतले जीन आहेत. सगळे आकाराच्या एकाच खुंटीला टांगता येणार नाहीत.

म्हाताऱ्या आईच्या लेकीचं नशीब कायमचं खराब का?

तिचं स्वतःचं आयुष्य कमी भरतं, पण तिच्या पुढच्या लेकी-नातींमध्ये ते परत भरून येतं. म्हणजे जे उतरलं ते जीनमधला कायमचा बिघाड नसतं.

वय पूर्ण पुसून टाकायचा काही मार्ग आहे का?

आहे, स्पोर बनवणं. डिप्लॉइड यीस्टची उपासमार केली की ती मायोसिस, म्हणजे डीएनए निम्मा करणारं विभाजन, करून चार स्पोर, म्हणजे बीजासारख्या टिकाऊ पेशी, बनवते. उनाल, किंडे आणि अॅमन यांनी 2011 मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या आईने बनवलेले स्पोरही तरुण आईच्या स्पोरइतकंच पूर्ण आयुष्य जगतात. वर्तुळं, गोळा झालेला प्रोटीनचा कचरा, फुगलेला न्यूक्लिओलस, सगळं मागे राहतं. आकाराच्या दृष्टीनेही बघा, फुगलेल्या एका पेशीच्या आत चार छोट्या, घट्ट पेशी तयार होतात आणि बाकीचं सोडून दिलं जातं. पेशीला लहान व्हायचा रस्ता नाही असं वर म्हटलं, तर हा तो एकमेव रस्ता, स्वतः लहान न होता आत नवीन लहान पेशी बनवायच्या.

सगळी यीस्ट अशीच म्हातारी होतात का?

फिशन यीस्ट, म्हणजे शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे, ही कांडीसारखी असते, साधारण 14 मायक्रॉन लांब झाली की बरोबर मधून दुभंगते. दोन्ही अर्धे सारखेच, पिढ्यान्पिढ्या तोच आकार. 2013 मध्ये कोएल्यो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चांगल्या परिस्थितीत तिच्यात म्हातारपण दिसतच नाही, स्ट्रेस दिला की मात्र येतं. ज्या यीस्टमध्ये कुणीच फुगत नाही तिथे म्हातारपण नाही, ही जोडी विचार करायला लावणारी आहे, अर्थात तिथे कचऱ्याची वाटणीही सारखी होते, त्यामुळे सगळं श्रेय आकाराला देता येणार नाही.

याचा माणसाशी काही संबंध?

आहे, पण जपून बोललं पाहिजे. हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी डिशमध्ये ठरावीक वेळाच विभाजित होतात, आणि अशा थकलेल्या पेशी मोठ्या आणि चपट्या होतात हे बायोलॉजीच्या लोकांना कधीपासून माहीत आहे. ते परिणाम म्हणून सोडून दिलं जायचं. 2021 मध्ये अॅमन यांच्याच लॅबमधल्या लेंगेफेल्ड यांनी रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलवर काम केलं. या पेशी मुळात फार लहान असतात, वयाबरोबर मोठ्या होतात, उंदरातही आणि माणसातही, आणि उंदरांमध्ये त्यांना मोठं होऊ दिलं नाही तर त्यांची रक्त बनवायची ताकद जास्त टिकते. कॅन्सरमध्ये विभाजन रोखणारी पाल्बोसिक्लिबसारखी औषधं आहेत, त्यांच्यामुळे अडकलेल्या पेशी फुगतात आणि मग परत विभाजनाला लागू शकत नाहीत, तिथेही हाच विचार आता होतो आहे.

रॅपामायसिन घेऊन पेशी लहान ठेवता येतील का असं बरेच जण विचारतात. ते टॉर दाबणारं औषध आहे आणि किडनी ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबायला देतात. यीस्टवरचं वाचून ते स्वतःहून घेऊ नका, कृपा करून.

मग हत्ती उंदरापेक्षा जास्त कसा जगतो?

हत्ती मोठा आहे तो पेशी जास्त आहेत म्हणून. बहुतेक प्रकारच्या पेशी उंदराच्या आणि हत्तीच्या जवळपास सारख्याच आकाराच्या असतात. शरीराचा आकार आणि पेशीचा आकार हे दोन वेगळे विषय आहेत.

किचनमधल्या यीस्टच्या पाकिटाची तारीख उलटली तर ते म्हातारं झालं म्हणायचं का?

ते याच जातीचं यीस्ट आहे पण पाकिटात विभाजन होत नाही, त्यामुळे तिथे लेकींचा हिशोब नाही, किती पेशी अजून जिवंत आहेत एवढाच प्रश्न. बिअर बनवणाऱ्यांना मात्र आकाराशी थेट गाठ पडते, तेच यीस्ट ते पुढच्या बॅचला परत वापरतात आणि मोठ्या म्हाताऱ्या पेशी टाकीच्या तळाशी आधी बसतात, त्यामुळे तळातला कुठला थर उचलला यावर पुढच्या बॅचमध्ये म्हाताऱ्या पेशी किती जाणार ते ठरतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये यातलं काही करून बघता येईल?

पूर्ण आयुष्य मोजणं अवघड आहे, पण आकारावर छान प्रोजेक्ट होतो. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम, तिथून यीस्टचा नाव-गाव माहीत असलेला स्ट्रेन मागवता येतो, पाकिटातल्या यीस्टपेक्षा ते केव्हाही बरं. एक कल्चर ग्लुकोजवर आणि एक ग्लिसरॉलवर वाढवा, ग्लिसरॉलवर पेशी हळू वाढतात आणि लहान राहतात. 40एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीसमधला मायक्रोमीटर एवढ्यावर काम होतं, पण आधी स्टेज मायक्रोमीटरने कॅलिब्रेट करून घ्या, हे न करता मोजलेले आकडे वाया जातात. पेशी लंबगोल असते म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही मोजून आकारमान काढा, कळी असेल तर आई आणि कळी वेगवेगळ्या मोजा, एकत्र धरलं की सगळा डेटा फुगतो. मिथिलीन ब्लू टाकलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात, त्या वगळा. कॅल्कोफ्लुअर आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप मिळाला तर वण मोजून वय आणि आकार एकाच पेशीत जुळवून बघता येईल, फक्त पाच-सहा वणांची पेशी शोधायलाही शेकडो पेशी चाळाव्या लागतील याची तयारी ठेवा. आणि मोजणी लॉग फेजमधल्या, म्हणजे भराभर वाढत असलेल्या, कल्चरवरच करा, दोन दिवस तसंच पडलेलं कल्चर घेतलं तर त्यातल्या पेशींना कळ्याच नसतात आणि आकारही वेगळाच येतो, मग ग्लुकोज-ग्लिसरॉलचा फरक हाती लागत नाही.